नोव्हेंबरचा अंगठा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली बँक. पेन्शनर अजून जिवंत आहे हे दर वर्षी दाखवून देणाऱ्या हयातीच्या दाखल्याचे दिवस. खुर्च्या भरलेल्या, उरलेले भिंतीला टेकून उभे, प्रत्येकाच्या हातात साडीच्या दुकानाची नाहीतर औषधांच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घातलेलं पासबुक. बोटाच्या मशीनसमोर एक आजोबा आले, उजवा अंगठा टेकवला, मशीननं तो पहिल्या झटक्यात घेतला. जन्म कारकुनीत गेलेला हात. त्यांच्या मागे एक आजी होत्या, नवऱ्याच्या माघारी चालू झालेल्या फॅमिली पेन्शनसाठी आलेल्या. त्यांचा अंगठा लागेना, तर्जनी लागेना. डावा हात द्या, जरा दाबा, एवढं नका दाबू, पुसून ठेवा. तरी नाहीच. "राखेनं भांडी घासलीत बाबा, काय राहिलंय त्या बोटांवर," असं म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतला. काउंटरवरचा मुलगा काही वावगं बोलला नव्हता, उलट आजी-आजी करत होता. पण आजींचा चेहरा काहीतरी चोरी सापडल्यासारखा झाला होता, आणि खटकलं ते नेमकं तेच. घरात कोणी काय काम केलं याचा हिशेब त्या चौकोनी काचेनं कोणी न विचारता मांडला होता, आणि ओशाळं व्हायची पाळी मात्र आजींवर आली.

बोटं का लागत नाहीत याची कारणं तशी साधी आहेत. वय वाढलं की कातडी पातळ होते, तिच्यातला तेलाचा अंश कमी होतो, रेषांचे उंचवटे सपाट होत जातात. त्यावर भांड्यांची पावडर, कपड्यांचा सोडा, घर सारवणं, चुना, विटा-सिमेंट यांतलं जे वाट्याला आलं असेल ते. शिवाय हयातीच्या दाखल्यासाठी महिना निवडलाय तो नोव्हेंबर, म्हणजे थंडीची पहिली कोरड आणि बोटांना चिरा पडायला सुरुवात. मशीनला कातडीत थोडा ओलावा लागतो, पण पाणी चालत नाही. म्हणून घरून निघताना हात कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवावेत, टॉवेलनं कोरडे करावेत, खोबरेल तेलाचा एकच थेंब बोटांच्या पेरांना चोळावा आणि तोही पुसून टाकावा. काही जण व्हॅसलीनचा थर देऊन येतात. त्यानं काच बरबटते आणि मागच्या चार जणांची बोटं अडतात. बोट टोकावर उभं ठेवायचं नाही, आडवं टेकवायचं, पेराच्या मधला भोवरा काचेच्या मधोमध यायला हवा. जोरात दाबलं की रेषा एकमेकींत मिसळतात, म्हणून नुसतं ठेवायचं आणि हलवायचं नाही. अंगठा आणि तर्जनी ही सगळ्यात झिजलेली बोटं, कारण चिमूट, विळी, घासणी सगळं त्यांच्यावरच. अनामिका आणि करंगळी त्या मानानं सुखात असतात, आणि दहा बोटांतलं कोणतंही चालतं. मशीनसमोर बसलेल्या माणसाला नुसतं "अनामिका घ्या" म्हटलं तरी पुष्कळदा काम होतं. आदल्या दिवशी मेंदी काढलेली नसावी, आणि सकाळी सुरण किंवा आवळे चिरून तसंच बँकेत जाऊ नये, एवढं पथ्य पाळलेलं बरं.

दहाही बोटं फसली तरी कागद आहेच.

हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मशीननं नाही म्हटलं की विषय संपला, पेन्शन बंद, असा धसका घेऊन माणसं घरी येतात आणि रात्रभर तळमळतात. छापील नमुना भरून बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही केली किंवा अंगठा उठवला तर तो दाखला आजही तितकाच चालतो. आणि मुदत टळून पेन्शन थांबलीच, तरी दाखला दिल्यावर मागची थकबाकी धरून ती पुन्हा सुरू होते. थांबलेली पेन्शन बुडत नसते. एवढं एक वाक्य कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून शाखेच्या दारावर लावायला हवं. तिथे सध्या सोन्यावरच्या कर्जाची जाहिरात असते.

बोटाचं मशीन आलं ते "जीवन प्रमाण" या सरकारच्या डिजिटल हयात-दाखल्याबरोबर, १० नोव्हेंबर २०१४ पासून. त्याआधी, आणि राज्य सरकारच्या पेन्शनरांसाठी आजही, यादी असते. कोषागारातून बँकेकडे शाखावार नावं येतात आणि आपल्या नावासमोर सही करायची. या यादीचं वैशिष्ट्य असं की आपलं नाव शोधताना वरची-खालची नावं वाचावीच लागतात. एकाच कचेरीतून निवृत्त झालेली माणसं बहुधा त्या कचेरीजवळच्याच शाखेत खाती ठेवतात. स्वतः डोंबिवलीला नाहीतर वारज्याला राहायला गेली तरी खातं काही हलवत नाहीत. त्यामुळे यादी म्हणजे जुनं हजेरीपत्रकच. याची सही झाली, म्हणजे येऊन गेला. त्याची नाही, अजून यायचाय की काय? एखाद्या नावावर तांबडी रेघ आणि बाजूला "मयत" असं तिन्ही अक्षरं तुटक लिहिलेलं. बातमी अशी कळते. ज्याच्याशी पंचवीस वर्षं एका टेबलावर डबा उघडला, तो फेब्रुवारीतच गेला हे नोव्हेंबरात, उभ्या उभ्या, मागच्या माणसाचा कोपर लागत असताना समजतं. सही करायची, पेन परत द्यायचं आणि बाहेर येऊन चहावाल्यापाशी थांबायचं. तिथे आणखी दोघं भेटतात. "आहेस अजून?" "सरकार विचारतंय म्हणून आहे." विनोद दर वर्षीचा असतो आणि दर वर्षी हसतात. मग गुडघ्यांची चौकशी, कोणाच्या मुलीचं काय झालं, महागाई भत्त्याचा फरक जमा झाला का, आणि तांबडी रेघ पडलेल्या माणसाबद्दल पाच मिनिटं. त्यात त्याच्याकडून यायचे राहिलेले चारशे रुपयेही निघतात.

आता हे सगळं घरच्या पलंगावर बसून होतं. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला निघायला लागला आणि बोटांची कटकट बऱ्यापैकी मिटली. दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं "आधार फेस आरडी". पहिली गडबड इथेच होते, कारण दुसरं ॲप उतरवून घेतलं तरी मोबाइलच्या पडद्यावर त्याचं चिन्ह उमटत नाही. ते मागे राहून काम करतं. माणसं झालं नाही असं समजून तीन-तीनदा काढतात आणि घालतात. मग ज्याच्या फोनवरून काम करायचं त्यानं आधी स्वतःची नोंद करायची, आपला आधार क्रमांक, ओटीपी, आपला चेहरा. हा झाला ऑपरेटर. एकदा ही नोंद झाली की त्याच फोनवरून आई, वडील, मावशी, खालच्या मजल्यावरचे काका, कितीही जणांचे दाखले काढता येतात. त्यानंतर पेन्शनरचा आधार क्रमांक, मोबाइल, ओटीपी, आधारवर आहे अगदी तसंच नाव, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारी कचेरी, पैसे देणारी बँक, पीपीओ क्रमांक (म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर), खाते क्रमांक. पुन्हा नोकरी धरली का, पुनर्विवाह केला का, हे दोन प्रश्न. सत्तरी-पंचाहत्तरीच्या आजींना नातवानं मोठ्यानं "आजी, तू परत लग्न केलंस का?" विचारायचं आणि सगळ्यांनी हसायचं, ही आता घरोघरची गंमत झाली आहे. एखाद्या घरात आजी हसत नाहीत. ज्यांना हा प्रश्न पस्तिसाव्या वर्षापासून दर साली लेखी विचारला गेलाय, त्यांना त्यात हसण्यासारखं फार काही सापडत नसावं.

चेहरा टिपताना उजेड समोरून हवा. आजोबांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, म्हणजे खिडकीकडे पाठ करून बसवलं तर तोंडावर सावली येते आणि पडद्यावरचा गोल काही हिरवा होत नाही. खुर्ची फिरवा, पाठीमागे साधी भिंत येऊ द्या. चष्म्यावर ट्यूबलाइटची रेघ चमकत असेल तर चष्मा काढा. फोन आजोबांच्या हातात देऊ नका. हात थोडा थरथरतो, शिवाय पडद्यावर आपलाच चेहरा दिसला की माणूस केस सारखे करायला लागतो. दुसऱ्यानं फोन डोळ्यांच्या उंचीवर धरायचा आणि डोळे मिटून उघडायला सांगायचं. इथे वेळ लागतो. "डोळे मिटा" म्हटल्यावर वयस्क माणसं शांतपणे डोळे मिटून बसतात, देवापुढे बसल्यासारखी, आणि उघडत नाहीत. त्यापेक्षा आपणच समोर दोनदा पापण्या लववून दाखवाव्यात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर काही दिवस थांबायला हरकत नाही, महिना तीस दिवसांचा असतो.

खरी मेख याच्या पुढे आहे. चेहरा टिपला गेला, प्रमाण आयडी म्हणजे दाखल्याचा क्रमांक आला, मेसेज आला, की सगळ्यांना वाटतं सुटलो. पण मेसेजचा अर्थ एवढाच की दाखला तयार झाला. तो ज्या कचेरीकडे जायला हवा तिथे पोहोचून मान्य झाला की नाही हे वेगळं. मंजुरीच्या रकान्यात राज्याऐवजी केंद्र निवडलं गेलं, पीपीओच्या आकड्यांत एक इकडचा तिकडे झाला, खातं जुन्या शाखेचं घातलं, तर दाखला तयार होतो आणि तिकडे नाकारलाही जातो. डिसेंबर संपतो, पैसे येत नाहीत आणि घरात "मी सांगत होतो बँकेत जाऊन येतो म्हणून" सुरू होतं. म्हणून आठ-दहा दिवसांनी त्याच आयडीवरून जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर दाखल्याची स्थिती पाहावी. आणखी एक हल्लीची अडचण आहे. खात्यातून परस्पर पैसे काढल्याच्या बातम्या वाचून मुलं हौसेनं आईवडिलांचं आधार बायोमेट्रिक लॉक करून ठेवतात. चांगली सवय आहे. फक्त ते लॉक आपणच केलंय हे नोव्हेंबरात कोणाच्या लक्षात नसतं. मग बोटं धुऊन, पुसून, तेल लावून काही होत नाही, आणि दोष पुन्हा आईच्या बोटांवर जातो.

घरी बसून काम होतं याचा आनंद मानावा की नाही, याचं उत्तर मला एका बाजूनं देता येत नाही. ज्यांच्या घराला लिफ्ट नाही, ज्यांना चार माणसांनी खुर्चीतून उतरवावं लागतं, त्यांना ही सोय म्हणजे मोठीच कृपा. पक्षाघात झालेल्या माणसाला रिक्षात घालून बँकेच्या दारापर्यंत आणायचं आणि अधिकाऱ्यानं बाहेर येऊन त्याच्याकडे पाहून जायचं, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय ते यादीबद्दल हळवं बोलणार नाहीत. पण जो पायांनी धड आहे त्याच्यासाठी ती वर्षातली एक ठरलेली सफर होती. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बसचा पास, येताना बाजारातून पावशेर ओला हरभरा. सुनेनं दिलेलं काम नव्हे, डॉक्टरकडची फेरी नव्हे, स्वतःच्या नोकरीचं काम. मुलगा म्हणतो, कशाला जाता, दोन मिनिटांत करून देतो. खरंच दोन मिनिटांत करून देतो, आणि मग सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि संध्याकाळच्या चहापर्यंत काही नसतं. काही वडीलधारी मंडळी यावर मुकाट्यानं उपाय काढतात. घरी दाखला झाला तरी "पासबुक भरून आणतो" म्हणून जातातच. जाऊ द्यावं.

सगळ्यांची पेन्शन सारखी नसते, त्यामुळे सगळ्यांचा नोव्हेंबरही सारखा नसतो. एसटीतून निवृत्त झालेला वाहक, खासगी कारखान्यातला फिटर, सहकारी साखर कारखान्यातला माणूस, यांची पेन्शन १९९५ च्या ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेतली. हिशेब असा: शेवटचा सरासरी पगार, तोही ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच धरलेला, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मर्यादा ६५०० ची असताना जो वीस वर्षं पुरी करून बाहेर पडला, त्याला बोनसची दोन वर्षं धरून महिना २०४३ रुपयांच्या आसपास. किमान पेन्शन १००० रुपये, सप्टेंबर २०१४ पासून. विधवेला साधारण नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी. या लोकांना नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला वर्षभरात केव्हाही द्यावा, दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. म्हणजे कोणी मार्चमध्ये दिला तर पुढच्या मार्चच्या आत द्यायचा. पण हे सांगून पटत नाही. शेजारचे सरकारी पेन्शनर निघाले की हेही निघतात आणि ऐन गर्दीत उभे राहतात, आणि उलट ज्यानं मार्चमध्ये दिला तो नोव्हेंबरची वाट पाहत बसतो आणि एप्रिलमध्ये पैसे थांबतात. पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, त्याचे ७० रुपये. सरकारी पेन्शनवाल्याला ७० रुपये म्हणजे रिक्षाचं भाडं वाचलं. हजार रुपये पेन्शनवाला आधी विचार करायचा आणि मग छत्री काठीसारखी टेकत चालत जायचा. नोव्हेंबर २०२५ पासून ईपीएसवाल्यांचा हा खर्च भविष्य निर्वाह निधी संघटनेनं उचलला.

घरात प्रत्येकाला माहीत असलेली आणि कोणीच न उघडलेली एक फाइल असते. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पैठणीच्या खोक्याखाली. वडिलांनी सगळं क्रमानं लावलेलं असतं, पण तो क्रम वडिलांनाच कळतो. त्यातला पीपीओचा कागद कोणता, हे निदान आईला दाखवून ठेवलेलं असावं. तोच एक कागद असा आहे की ज्यावर वडिलांच्या नावाखाली आईचं नाव आणि जन्मतारीख असते, किंवा असायला हवी. आणि महाराष्ट्रात नेमका इथेच घोळ होतो. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, लग्नात तांदळावर सोन्याच्या अंगठीनं लिहिलेलं सुनंदा, रेशनकार्डावर सुनंदाबाई, आधारवर सुनंदा आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव, पासबुकावर सौ. एस. जी. अशी चार माणसं एका घरात नांदत असतात. नवरा हयात आहे तोवर त्यातल्या कोणालाच कोणी ओळख विचारत नाही. ज्या महिन्यात तो जातो त्या महिन्यात चौघींना एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, गॅझेटातल्या नावबदलाची प्रत शोधावी लागते, आणि ते सगळं तेराव्याच्या पाहुण्यांत.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. आधार काढताना ज्या बायकांना आपली तारीख सांगता आली नाही त्यांना सर्रास १ जानेवारी मिळाली, आणि साल अंदाजानं. चांगली ओळखीची घरं पाहा, निम्म्या आज्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. ही गोष्ट नुसती गमतीची नाही. केंद्राच्या पेन्शनमध्ये ऐंशी पुरी झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला दुप्पट. फॅमिली पेन्शनला हेच लागू, आणि तिथे वय धरतात ते आजींचं. अंदाजानं लिहिलेल्या सालानं आजी कागदावर चार वर्षांनी लहान झाल्या असतील तर चार वर्षं ती वाढ मिळत नाही. पीपीओवर तारीखच नसेल तर ती आपोआप चालू होतच नाही, कोणी अर्ज करेपर्यंत. ऐंशी ज्या महिन्यात पुरी होतात त्या महिन्याच्या एक तारखेपासून हक्क सुरू होतो. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉल, केटरर, चांदीची फुलं यांची यादी सहा महिने आधी होते. ते सोहळे ऐंशी उलटल्यावर सहा-आठ महिन्यांनी होतात, म्हणजे तोवर ती वाढ खात्यात दिसायला हवी. त्या यादीत एक ओळ पासबुक तपासण्याची घालायला काय हरकत आहे? ऐंशी झालेल्यांना दाखलाही १ ऑक्टोबरपासून देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत यायची सक्ती त्यांच्यावर नाही.

वडील गेल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात चुकांचे. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची देय असते, फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासून. पण बँकेला कळवलं नाही तर महिनाअखेर पूर्ण पेन्शन जमा होते. मुलगा एटीएमचा पिन जाणून असतो, खर्च तोंडाशी आलेला असतो, तो काढतो. यात लबाडी नसते. पुढे बँक ते पैसे परत मागते तेव्हा पत्र आईच्या नावानं येतं आणि ते वाचून तिला धडकी भरते. म्हणून मृत्यूचा दाखला हातात आला की पहिली प्रत बँकेत. खातं दोघांचं मिळून असेल आणि आईचं नाव पीपीओवर असेल तर नवीन खातं उघडावं लागत नाही. साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, तिच्या वयाचा आणि ओळखीचा पुरावा एवढ्यावर केंद्राचं काम चालू होतं. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर केंद्राच्या नियमानं फॅमिली पेन्शन आधी वाढीव दरानं, सात वर्षं किंवा वडिलांचं वय ६७ झालं असतं तोवर, यांतलं जे आधी ते, आणि त्यानंतर मूळ पगाराच्या ३० टक्के. पुष्कळ पुरुष दोघांच्या नावे खातं करायला का कू करतात. कारण विचारलं तर "तिला कुठे कळतं बँकेतलं" असं येतं. तिला दुधाचा, वाण्याचा, भिशीचा, दिवाळीच्या बोनसमधून वेढणी करण्याचा हिशेब चाळीस वर्षं कळत होता. बँकेतलं कळत नाही, कारण बँकेत तिला नेलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी आलेल्या माणसानं पुढच्याच आठवड्यात बायकोला घेऊन शाखेत जावं, काउंटर दाखवावेत, लॉकर उघडून दाखवावा, आणि पुढच्या वेळी तिला एकटीला पाठवावं. ती गोंधळेल. तो पहिल्या दिवशी कचेरीत गोंधळला नव्हता का?

मुलांच्या सोयीचं पाहिलं तर दिवाळी हा दाखल्याचा उत्तम मुहूर्त, सगळे घरी असतात आणि चार चांगले फोनही. पण दिवाळी तिथीनं येते आणि सरकार तारखेनं चालतं. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. मुलं चिवडा-चकलीचे डबे घेऊन पुण्या-बंगळूरला परत गेली, त्यानंतर नोव्हेंबर उगवला आणि ऐंशीच्या आतल्यांची पंचाईत झाली. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीजेला जमलेल्या भाच्यांकडून मामा-मामींचे, आजी-आजोबांचे सगळे दाखले एका बैठकीत उरकतात. सकाळी अकराच्या उजेडात गॅलरीत खुर्ची टाकावी, एक जण फोन धरेल, एक जण पीपीओचे आकडे मोठ्यानं वाचेल, आणि वाचणारा शक्यतो आई असावी.

मुलीच्या बाळंतपणाला नाहीतर थंडी संपेपर्यंत म्हणून न्यू जर्सी, डॅलस, सिडनीला गेलेल्यांची गोष्ट जरा निराळी. भारतातलं सिमकार्ड तिथे चालू नसेल तर ओटीपी येत नाही आणि फोनवरचं काम तिथेच अडतं. निघण्यापूर्वी सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावं, ईपीएसवाल्यांनी दाखला देऊनच विमानात बसावं, आणि बाकीच्यांनी छापील नमुन्याच्या दोन प्रती सामानात घालाव्यात. भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून तो कागद टपालानं आपल्या बँकेत पाठवता येतो. टपालाला पंधरा दिवस धरा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावयाकडे रजा मागायला लागू नये म्हणून वकिलातीची वेळ ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवावी, आणि जाताना पासपोर्टबरोबर पीपीओची झेरॉक्सही न्यावी, कारण तिथल्या खिडकीवर तोच क्रमांक विचारतात आणि तो कोणाच्याच पाठ नसतो.